दिव्यांगत्वाचा दाखला काढला, तर मुलावर कायमचा शिक्का बसेल का?

अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणनात येणारी अडचण, असलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्या भेटीत बहुधा हाच प्रश्न विचारतात. काही जण तो स्पष्ट विचारतात, काही जण ‘दाखला न काढता काही होणार नाही का?’ अशा आडवळणाने विचारतात. दिव्यांगांविषयीचा कायदा बदलून बरीच वर्षे झाली, तरी त्यातील नेमके काय आपल्या मुलासाठी आहे हे घरापर्यंत पोहोचलेले नाही, आणि म्हणूनच ही भीती टिकून आहे. ज्या कुटुंबाच्या बाबतीत या प्रश्नाची सगळी अंगे एकत्र समोर आली, त्याची हकीकत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सहावीत, विनाअनुदानित खासगी शाळेत शिकणारा. आई त्याच्या वह्या घेऊन आली होती. विज्ञानाच्या वहीत ‘बाष्पीभवन’ हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला होता आणि तिन्ही ठिकाणी जोडाक्षर गळाले होते. ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल जवळजवळ प्रत्येक ओळीत होती. गणितात रीत बरोबर, परंतु फळ्यावरचे ३६ वहीत ६३ होऊन उतरलेले, त्यामुळे उत्तर चूक. मी वही मिटून त्याला विचारले, ‘ओले कपडे उन्हात लवकर का वाळतात?’ त्याने न अडखळता समजावून सांगितले, वर वाऱ्याचाही संबंध असतो हे स्वतःहून जोडले. त्याच प्रश्नाला घटक चाचणीत त्याला शून्य गुण होते.

शाळेने तोंडी सांगितले होते की याला आमच्याकडे झेपणार नाही, दुसरी शाळा पाहा. आईला ते मनाला लागले होते. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. ‘मॅडम, तो आळशी आहे एवढेच. सरकारी कागदावर दिव्यांग असे एकदा लिहिले गेले, की उद्या नोकरीत आणि लग्नात तेच पुढे येईल. आम्हाला तो कागद नको.’ त्यांच्या काळजीत मुलाविषयीची माया होती आणि मला ती पूर्णपणे समजत होती. परंतु शाळेत मिळायची मदत आणि रुग्णालयातून मिळणारा दाखला या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच झाल्या होत्या. त्या वेगळ्या करून सांगणे हेच माझे त्या दिवशीचे मुख्य काम होते.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार नोंदलेले होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना काही सवलती त्याही काळात मिळू लागल्या होत्या, परंतु त्यांचा आधार शासनाचे आदेश हा होता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात प्रकार एकवीस झाले आणि वाचन, लेखन व गणन यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश झाला. याच कायद्याचे कलम १६ शासनमान्य असलेल्या सर्वच शाळांविषयी बोलते, मग त्या अनुदानित असोत वा नसोत. मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते बदल करावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मुलाची अडचण ओळखणे हे मुळात शाळेचेच काम आहे, आणि वर्गात पुढच्या बाकावर बसवण्यासाठी, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देण्यासाठी किंवा तोंडी उत्तर घेण्यासाठी शाळेने आधी दाखला मागण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात दिलेला निकालही मी वडिलांना सांगितला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासारखी वाजवी सोय नाकारण्यासाठी ती पुढे करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. वडिलांनी हे दोनदा विचारून घेतले. त्यांचा विरोध पहिल्यांदा तेथे थोडा सैल झाला.

मग दाखला हवा कशाला? तो लागतो प्रामुख्याने मंडळाच्या परीक्षेसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. राज्य मंडळाकडे त्यासाठी शाळेमार्फत प्रस्ताव जातो, आणि त्यासोबत अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पुढे उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षण घ्यायचे असेल, तरीही ते लागते. डोळे व कान तपासणे, बुद्ध्यंक चाचणी, मग वाचन-लेखन-गणनाच्या चाचण्या असा हा क्रम असतो आणि सरकारी रुग्णालयांतील तारखा दूरच्या मिळतात. त्यामुळे दहावीचा अर्ज भरायच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा सहावी-सातवीत सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगते. कायमच्या शिक्क्याविषयी बोलायचे, तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी या दाखल्यासाठी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती. तो कुटुंबाच्या हातात असतो, लाभ मागायचा असेल तेव्हा दाखवायचा असतो. मुलाच्या अंगाला खरोखर चिकटतो तो ‘आळशी’ हा शब्द, कारण तो त्याच्यासमोर रोज उच्चारला जातो. हे मी वडिलांना जरा स्पष्टच सांगितले.

शाळा बदलण्याच्या सूचनेचे उत्तर त्याहून सोपे होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शाळा तसे लेखी कधीच देत नाहीत, तोंडी सुचवतात आणि पालक संकोचाने शाळा सोडल्याचा दाखला काढून नेतात. म्हणून आम्ही एक पानाचे पत्र तयार केले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मुलाला काय जमते, कोठे अडते आणि कोणत्या विषयात कोणती सोय हवी हे लिहिले, दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १६ चा उल्लेख केला, लेखी उत्तराची विनंती केली आणि पोच घेतली. आईचा हात सही करताना थांबला. ‘शाळा त्याच्यावर राग काढेल का?’ असे तिने विचारले. मी तिला सांगितले की तशी वेळ आलीच, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो, आणि चौकशी करताना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने त्यांना दिलेले आहेत.

कायदा पुरेसा आहे, असे मात्र मला वाटत नाही. कलम १६ मधील जबाबदाऱ्या शासनाने ‘प्रयत्न करावा’ अशा भाषेत मांडल्या आहेत आणि त्यांना कालमर्यादा नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने जास्त गरज असलेल्या मुलासाठी शिक्षण, आरोग्य व देखभाल यांचा लेखी आराखडा आणला. तो वीस आठवड्यांत पूर्ण करायचा असतो आणि मान्य नसेल तर पालकांना न्यायाधिकरणात दाद मागता येते. तेथेही विलंबाच्या तक्रारी आहेत, परंतु पालकाच्या हातात तारीख असते. आपल्याकडे पुढची सुधारणा नेमकी येथे व्हायला हवी. दुसरी अडचण माणसांची आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. या मुलाच्या शाळेत एकही नव्हता.

शाळेचे लेखी उत्तर आले. विज्ञान आणि परिसराशी संबंधित विषयांत अर्धी चाचणी तोंडी घेणे, गणिताचे प्रश्न छापून देणे आणि शुद्धलेखनाचे गुण इतर विषयांत न कापणे त्यांनी मान्य केले. तिसऱ्या भाषेविषयी प्रमाणपत्र आल्यावर विचार करू, असे लिहिले. दुसरी शाळा पाहण्याचा विषय त्यात नव्हता. रुग्णालयाच्या पहिल्या तपासणीला वडील स्वतः रजा काढून मुलाला घेऊन गेले, आणि लेखनाच्या चाचण्यांसाठी त्यांना दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे.