वाचकांचे प्रश्न : हेलिकॉप्टरने हिमनदीवर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्यांवर हेलिकॉप्टरने उतरून मार्गदर्शकाबरोबर चालण्याच्या सहलीविषयी बरीच पत्रे आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : जुन्या प्रवासवर्णनांत फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर खोऱ्यातून चालत जाता येते, असे वाचले होते. आता प्रत्येक कंपनी हेलिकॉप्टरचीच सहल विकते आणि माणशी कित्येक शे न्यूझीलंड डॉलर आकारते. हा पर्यटकांकडून पैसे उकळण्याचा प्रकार नाही ना?

आपण वाचलेले वर्णन खोटे नाही, परंतु ती वाट आता उरलेली नाही. खोऱ्यातून मार्गदर्शकाबरोबर पायी बर्फावर चढण्याच्या सहली फ्रान्झ जोसेफवर 2012 मध्ये, तर फॉक्सवर 2014 मध्ये बंद झाल्या. हिमनदीचे खालचे टोक झपाट्याने वितळून खचू लागले, त्यावर दगडमाती साचली, दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून दरडी कोसळू लागल्या, आणि तेथून माणसे वर नेणे कोणत्याही जबाबदार मार्गदर्शकाला शक्य राहिले नाही. फॉक्सच्या बाबतीत तर 2019 मधील भूस्खलनाने आणि पुराने हिमनदीकडे जाणारा रस्ताच उद्ध्वस्त केला.

या हिमनद्यांचा स्वभाव समजून घेतल्यास हे बदल एवढ्या वेगाने का झाले, ते कळते. टास्मन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त पश्चिमी वारे सदर्न आल्प्स या पर्वतरांगेच्या भिंतीवर आदळतात, पायथ्याशी वर्षाला कित्येक मीटर पाऊस पाडतात आणि माथ्यावर प्रचंड हिमवर्षाव करतात. वरच्या विस्तीर्ण हिमक्षेत्रात साचलेले हे हिम दाबाने बर्फ होऊन एका अरुंद, तीव्र उताराच्या खोऱ्यातून खाली ओतले जाते. त्यामुळे या हिमनद्या असाधारण वेगाने वाहतात आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीपर्यंत, थेट वर्षावनाच्या शेजारी उतरत आल्या आहेत. 1943 मध्ये फ्रान्झ जोसेफवर एक विमान कोसळले होते. त्याचे अवशेष सुमारे साडेतीन किलोमीटर अंतर वाहून साडेसहा वर्षांनी हिमनदीच्या टोकाशी बाहेर पडले, म्हणजे सरासरी वेग दिवसाला दीड मीटरच्या आसपास पडतो. एवढ्या वेगवान हिमनदीवर हवामानातील बदलाचा परिणामही लवकर दिसतो. 1983 पासून पुढची पंचवीस वर्षे फ्रान्झ जोसेफ अधूनमधून थांबत पुढे सरकत होती. 2008 नंतर तिने जी माघार घेतली, ती मात्र मोठी आहे.

तेव्हा हेलिकॉप्टर ही येथे चैन राहिलेली नाही, बर्फावर पोहोचण्याचे ते व्यवहार्य असे एकमेव साधन आहे. ते परवडत नसेल, तर खोऱ्यातील अधिकृत वाटेने जाऊन दुरून दर्शन घेता येते. कुंपण ओलांडून जवळ जाण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. 2009 मध्ये फॉक्सच्या टोकाशी असे पुढे गेलेले दोघे भाऊ कोसळलेल्या बर्फाखाली सापडून मरण पावले होते.

प्रश्न : ‘स्नो लँडिंग’ आणि ‘हेली-हाइक’ यांत नेमका फरक काय? पहिली सहल बरीच स्वस्त दिसते.

हा प्रश्न नोंदणीपूर्वीच विचारल्याबद्दल आपले अभिनंदन करायला हवे, कारण अनेकांना हा फरक परत आल्यावर कळतो. ‘स्नो लँडिंग’मध्ये हेलिकॉप्टर हिमनदीच्या वरच्या भागातील हिमाच्छादित पठारावर काही मिनिटे उतरते, आपण छायाचित्रे काढायची आणि परतायचे. तेथे चालणे नसते आणि असूही नये, कारण मऊ हिमाच्या थराखाली लपलेल्या भेगा वरून दिसत नाहीत.

‘हेली-हाइक’मध्ये त्याखालच्या उघड्या, कठीण बर्फावर उतरवले जाते. भेगा तेथेही असतात, पण त्या डोळ्यांना दिसतात, आणि म्हणूनच दोराने एकमेकांना न बांधता नवख्या माणसांना तेथे नेता येते. संपूर्ण सहलीला साधारण अर्धा दिवस लागतो. त्यात उड्डाण काही मिनिटांचे आणि प्रत्यक्ष बर्फावरचा वेळ अडीच-तीन तासांचा असतो. आधी वजन, मग सूचना, मग बूट, जलरोधक कपडे आणि क्रॅम्पॉनचे (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या धातूच्या दातेरी पट्ट्यांचे) वाटप, असा क्रम असतो. बर्फावर मार्गदर्शक कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत पुढे जातो. काल खोदलेली पायरी आज वितळलेली असते, गेल्या आठवड्यात ज्या निळ्या भुयारातून लोक सरपटत गेले ते या आठवड्यात बंद झालेले असते, त्यामुळे जाहिरातीतील गुहा आपल्याला दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्याबद्दल सावध राहावे. निळा रंग मात्र बहुधा दिसतोच. दाबामुळे हवेचे बुडबुडे निघून गेलेल्या दाट बर्फातून प्रकाश खोलवर जातो, त्यातला तांबडा भाग शोषला जातो आणि उरलेला निळा आपल्यापर्यंत परततो.

माझे मत विचारत असाल, तर पाय धड असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी ‘स्नो लँडिंग’ घेऊ नये. हिमनदी वरून पाहणे आणि तिच्या भेगेच्या काठावर उभे राहून आत वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकणे, हे दोन अगदी वेगळे अनुभव आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यक्रमात फ्रान्झ जोसेफसाठी एक मुक्काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहल, दुपारी क्वीन्सटाउनकडे प्रस्थान. एवढा वेळ पुरेसा आहे का?

सर्व काही सुरळीत झाले तर पुरेसा आहे. परंतु दक्षिण बेटाच्या या पश्चिम किनाऱ्यावर सर्व काही सुरळीत होईल असे गृहीत धरून आखलेला कार्यक्रम हीच सर्वांत मोठी चूक असते. ज्या पावसामुळे या हिमनद्या अस्तित्वात आहेत, तोच पाऊस आपली सहल रद्द करतो. गावात ऊन असते, हॉटेलच्या खिडकीतून शिखरे स्वच्छ दिसत असतात, आणि तरीही उड्डाण रद्द झाल्याचे सांगितले जाते, कारण खोऱ्यात ढग उतरलेला असतो किंवा उतरण्याच्या जागी वारा वाढलेला असतो. अशा वेळी काउंटरवरच्या मुलीशी वाद घालणारे प्रवासी नेहमी दिसतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, वैमानिकाला केवळ वर जाण्याचा नव्हे, तर तीन तासांनी आपल्याला परत आणण्याचाही विचार करावा लागतो.

म्हणून किमान दोन, शक्य असल्यास तीन मुक्काम ठेवावेत आणि सहल पहिल्याच उपलब्ध दिवशी नोंदवावी, म्हणजे ती रद्द झाल्यास पुढचा दिवस हाताशी राहतो. सकाळची वेळ घ्यावी. दुपारकडे ढग चढण्याचा संभव अधिक असतो, शिवाय सकाळची फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी दुपारी जागा मिळण्याची थोडी आशा राहते. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स ही गावे एकमेकांपासून मोटारीने अर्ध्या तासावर असल्याने एका ठिकाणी जमले नाही तर दुसऱ्या ठिकाणी चौकशी करण्यास हरकत नाही, मात्र हवामान बहुतेक वेळा दोन्हीकडे एकाच वेळी बिघडते. खराब हवामानामुळे कंपनीने सहल रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची पद्धत आहे. ‘परतावा’ आणि ‘पुढील तारीख’ यांपैकी निवड आपली की कंपनीची, हे पैसे भरण्यापूर्वी अटींत वाचावे. हेलिकॉप्टरचे वेळापत्रक कोलमडल्यामुळे पुढचे विमान चुकले, तर त्याचा खर्च कंपनी देत नाही. क्वीन्सटाउनचा रस्ता हास्ट खिंडीतून जातो आणि त्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो, त्यामुळे सहल आणि तो प्रवास एकाच दिवशी ठेवणे मला तरी पटत नाही.

ऋतूविषयीही अनेकांनी विचारले आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा आणि गर्दीचा काळ. जून ते ऑगस्टचा हिवाळा ऐकायला गैरसोयीचा वाटतो, पण या किनाऱ्यावर त्याच महिन्यांत आकाश तुलनेने अधिक स्थिर आणि निरभ्र असते. दिवस लहान असल्याने फेऱ्या मात्र कमी होतात.

प्रश्न : माझे वय चौसष्ट असून गुडघे अधूनमधून दुखतात. माझे यजमान वजनदार आहेत. आम्हाला नाकारतील का?

वयाची वरची मर्यादा सहसा नसते. लहान मुलांसाठी मात्र किमान वयाची अट असते आणि ती कंपनीगणिक बदलते. आपल्या बाबतीत खरा प्रश्न गुडघ्यांचा आहे. हिमनदीवरची वाट सपाट नसते. क्रॅम्पॉनचे सर्व दात बर्फात रुतावेत म्हणून पाऊल पूर्ण सपाट, जोर देऊन टाकावे लागते, दोन पायांत नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते, आणि उतरताना गुडघे वाकवून भार पुढे ठेवावा लागतो. खडबडीत डोंगरवाटेवर तीन तास चढ-उतार करून दुसऱ्या दिवशी आपण सहज जिना चढू शकत असाल, तर निर्धास्त जावे. तसे करून पाहिले नसेल तर नोंदणीपूर्वी एकदा अवश्य पाहावे, कारण बर्फावर पोहोचल्यानंतर ‘मी येथेच बसते, तुम्ही पुढे जाऊन या’ हा पर्याय नसतो. सगळा गट एकत्र चालतो आणि एका व्यक्तीच्या गतीने सर्वांची वाट ठरते. गुडघ्यांवर अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

यजमानांच्या वजनाविषयी संकोच बाळगू नये. तेथे प्रत्येक प्रवाशाचे वजन केले जाते आणि त्यानुसार कोण कोठे बसणार हे ठरते. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वजन असल्यास जादा आकार पडतो, आणि त्याहून वरच्या मर्यादेनंतर नकारही मिळू शकतो. नोंदणी करताना खरे वजन, तेही कपड्यांसह, सांगावे.

प्रश्न : तेथे हेलिकॉप्टर कोसळल्याची बातमी वाचल्यापासून घरातून विरोध आहे. खरेच सुरक्षित आहे का? आणि वेगळा विमा लागतो का?

21 नोव्हेंबर 2015 रोजी फॉक्स हिमनदीवर हेलिकॉप्टर कोसळून वैमानिक आणि सहा पर्यटक असे सर्व सात जण मृत्युमुखी पडले. ते उड्डाण हवाई दर्शनाचे होते, चालण्याच्या सहलीचे नव्हते. पण आकाश तेच आणि डोंगर तेच असल्याने हा भेद घरच्यांना दिलासा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. चौकशीत त्या वेळचे हवामान आणि हेलिकॉप्टरवरील भार या दोन्ही बाबींवर बोट ठेवले गेले. वर वजनाबद्दल एवढ्या आग्रहाने लिहिले त्याचे कारण हेच. अशा उड्डाणात धोका शून्य असतो, असे मी लिहिणार नाही. आपल्या हातात एवढे असते की, वजन खरे सांगावे, हेलिकॉप्टरजवळ सूचनेप्रमाणेच ये-जा करावी, शेपटीच्या पंख्याच्या दिशेने कधीही जाऊ नये, आणि रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल कंपनीवर दबाव आणू नये. संभ्रमाच्या हवामानात उड्डाण रेटणाऱ्या कंपनीपेक्षा वारंवार रद्द करणारी कंपनी मी केव्हाही पसंत करीन.

विम्याबाबत न्यूझीलंडची व्यवस्था वेगळी आहे. अपघाती इजा झाल्यास तेथील सरकारी अपघात भरपाई योजनेतून परदेशी पर्यटकांनाही उपचारांच्या खर्चात साहाय्य मिळते, परंतु त्या बदल्यात इजेच्या नुकसानभरपाईसाठी न्यायालयात दावा करण्याचा मार्ग बहुतांशी बंद असतो. आजारपण, रद्द झालेला प्रवास किंवा रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च या योजनेत बसत नाही. तेव्हा प्रवासविमा घ्यावाच. आणि ‘साहसी उपक्रम’ या सदराखाली हिमनदीवर क्रॅम्पॉन घालून चालणे समाविष्ट आहे की वगळलेले, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. एजंटच्या ‘सगळे कव्हर आहे’ या वाक्यावर विसंबू नये.

प्रश्न : वितळणाऱ्या हिमनदीवर इंधन जाळत जाणे योग्य आहे का, असा प्रश्न माझ्या मुलीने विचारला आणि मी निरुत्तर झालो.

मुलीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोयीस्कर उत्तर शोधू नये. काही मिनिटांच्या त्या उड्डाणापेक्षा न्यूझीलंडपर्यंतच्या विमानप्रवासाचा भार कितीतरी मोठा आहे, त्यामुळे विचार करायचाच असेल तर तो संपूर्ण प्रवासाचा करावा लागेल. हेलिकॉप्टर नाकारून उरलेल्या प्रवासाबद्दल निश्चिंत होणे ही स्वतःची समजूत घालणे ठरेल. हेलिकॉप्टरच्या आवाजाचा त्रास मात्र स्थानिक आणि खरा आहे. खोऱ्यात शांतपणे चालायला आलेल्यांना तो दिवसभर ऐकावा लागतो. या हिमनद्या ज्या वेस्टलँड राष्ट्रीय उद्यानात येतात, तेथील व्यावसायिक सहलींना सरकारच्या संवर्धन विभागाची परवानगी लागते. आपण दोघांनी मिळून न जाण्याचे ठरवले, तर मी त्यास भित्रेपणा म्हणणार नाही, आणि गेलात तर दोषही देणार नाही.

प्रश्न : कपडे कोणते घ्यावेत? ड्रोन नेता येईल का?

बूट, मोजे, जलरोधक जाकीट आणि विजार बहुधा कंपनीच देते. आतून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ थर घालावेत. जीन्स आणि सुती कपडे भिजल्यावर वाळत नाहीत, म्हणून ते नकोत. उंची कमी असल्याने थंडी अपेक्षेपेक्षा सौम्य असते, पण बर्फावरून परावर्तित होणारे ऊन तीव्र असते, त्यामुळे गडद चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नयेत. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही ते लावावे. राष्ट्रीय उद्यानात ड्रोन उडवण्यास पूर्वपरवानगी लागते, आणि जेथे हेलिकॉप्टरची सतत ये-जा असते तेथे तो नेण्याचा विचारही करू नये.