मालवणचा सीझन संपल्यावर स्की रिसॉर्टवर काम करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २४, बी.कॉम. झालेलं, मालवणला स्कूबाच्या बोटीवर काम. मे संपला की चार महिने हात रिकामे. स्की रिसॉर्टवर एक सीझन करायला मिळेल का, आणि कोकणातल्या माणसाला ते झेपेल का?

झेपेल. पण तुमच्या मनात बहुधा गुलमर्ग किंवा औली असेल, आणि कामासाठी ती जागा तुमची नाही. हिमालयातला स्कीइंगचा हंगाम डिसेंबरअखेर ते मार्च. नेमका तोच तुमच्या कमाईचा काळ. पाणी सगळ्यात नितळ तेव्हाच असतं आणि नाताळ ते ५ जानेवारी तारकर्लीत खोली मिळत नाही. तो सीझन सोडून बर्फावर जाणं म्हणजे चालू होडी सोडून पोहत जाणं.

ऑस्ट्रेलियाचं गणित मात्र जुळतं. तिथले ऋतू आपल्या उलट. न्यू साउथ वेल्समधली पेरिशर आणि थ्रेडबो, व्हिक्टोरियातली माउंट बुलर, फॉल्स क्रीक आणि होथम ही रिसॉर्टं जूनच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत सुरू होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिटतात. आपल्याकडे जलक्रीडा मेअखेरीस बंद होतात त्या ३१ ऑगस्टपर्यंत, आणि नंतरही पाण्यातला गढूळपणा बसायला वेळ लागतोच. म्हणजे बोट किनाऱ्याला ओढून झाकली की निघायचं आणि पाणी निवळायच्या वेळी परत यायचं.

अडचण आहे ती व्हिसाची, आणि ती मोठी आहे. ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, वर्ग ४६२, भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. वर्षाला जागा १,०००, आणि निवड सोडतीने. पहिल्या वर्षी पहिल्या दोनच आठवड्यांत सुमारे ४०,००० जणांनी नावं घातली होती. वय १८ ते ३० लागतं, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं (तुमचं बी.कॉम. पुरतं), इंग्रजी आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ चालतं आणि खात्यात सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. सोडतीत नाव घालायला पासपोर्ट आणि पॅन कार्ड हवं. त्याची फी २५ डॉलर. नोंदणीची खिडकी वर्षातून थोडेच दिवस उघडी असते. नाव निघालं की पूर्ण अर्ज करायला २८ दिवस मिळतात. बहुतेकांची धावपळ इथेच होते, कारण इंग्रजीची परीक्षा आणि बँकेचे कागद त्यांनी तोपर्यंत सुरूच केलेले नसतात. परीक्षा आधी देऊन ठेवा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. सोडतीत नाव काढून देण्याची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही. नाव घालायचं काम तुम्ही मोबाइलवर स्वतः करू शकता. त्यासाठी कोणी लाखभर रुपये मागत असेल तर दाराबाहेरूनच परत या. आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन 'तिथे काहीतरी बघू' हा सल्ला देणारा तुमचं भलं बघत नाही. पकडले गेलात तर पुढची कितीतरी वर्षं दार बंद होतं.

आता काम कोणतं मिळेल ते. इन्स्ट्रक्टर व्हायचं डोक्यातून काढा, त्याला तिथलं प्रमाणपत्र लागतं आणि आधीचे काही सीझन स्कीवर काढलेले असावे लागतात. नवख्याला मिळतात ती कामं म्हणजे लिफ्ट ऑपरेटर (लिफ्ट म्हणजे माणसांना उतारावर वर नेणाऱ्या, तारेवरच्या खुर्च्या), भाड्याच्या सामानाचं दुकान, हाउसकीपिंग, किचन, कॅफे, पार्किंग आणि बर्फ ओढणं. बारमध्ये उभं राहायचं असेल तर दारू देण्यासंबंधीचं आरएसए प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. भरती फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होते. मे महिन्यात शोधायला लागाल तर उरलेसुरले मिळेल.

तुम्ही अर्ज करा तो भाड्याच्या सामानासाठी. घाबरलेल्या पाहुण्याला पंधरा मिनिटांत अनोळखी सामानात नीट बसवणं हे काम तुम्ही रोज करता. मास्कच्या कडेत केस अडकला तर पाणी शिरतं, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. स्की बुटाचंही तसंच आहे. अर्जात 'स्कूबा' एवढंच लिहू नका. दिवसाला किती पाहुण्यांना सामान चढवता, प्रथमोपचाराचं कोणतं प्रमाणपत्र आहे, हे लिहा.

बुटाचं काम जवळून सांगतो, म्हणजे तयारीला दिशा मिळेल. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पाऊल २६.५ सेंटिमीटर तर बूट २६.५. आत एकच पातळ, लांब मोजा. थंडी म्हणून दोन घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मलची विजार बुटाच्या वर राहिली पाहिजे, आत खोचली की तासाभरात नडगीवर वळ उठतो. पाय आत सरकवल्यावर टाच मागे दोन-तीनदा आपटायला लावायची, मग घोट्याजवळची बकलं आधी आवळायची आणि पंजावरची शेवटी, तीही हलकेच. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात. गुडघे वाकवले की ती मागे येतात. त्यामुळे पाहुणा उभ्या उभ्या 'घट्ट होतोय' म्हणाला की लगेच मोठा नंबर काढून देणं ही नवख्याची सगळ्यात मोठी चूक. आधी गुडघे वाकवायला सांगा. मोठा बूट दुकानात सुखाचा वाटतो आणि उतारावर पाय आत हलायला लागला की स्की वळतच नाही. शंका असेल तर आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावा, बोटं पुढे टेकलेली असताना टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर नंबर बरोबर.

त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडल्यावर तो सुटला पाहिजे आणि पडायच्या आधी सुटता कामा नये. तो किती जोरावर सुटेल याचा आकडा असतो, त्याला डिन म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि माणूस किती जोरात स्की करतो, एवढ्यावरून तक्त्यात तो सापडतो. नवख्या प्रौढाचा आकडा साधारण ३ ते ६ मध्ये येतो. वय पन्नास किंवा त्याहून जास्त असेल तर तक्त्यात एक ओळ हलक्या बाजूला सरकायचं. मनाने आकडा लावायचा नाही, कधीच. गोंधळ होतो तो पाहुणे खोटं सांगतात म्हणून. लाजेने कोणी वजन दहा किलो कमी सांगतो आणि मग खटका भलत्या वेळी सुटतो. कोणी पहिल्याच दिवशी 'मला चांगलं येतं' म्हणतो, आकडा चढतो, पडल्यावर खटका सुटत नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. वजनाचा आकडा तोंडी विचारू नका, कागदावर लिहून घ्या. बोलताना लाजणारा माणूस लिहिताना खरं लिहितो.

आणखी एक, जे उतारावरच दिसतं: बुटाच्या तळाला बर्फ चिकटून दगडासारखा होतो आणि त्यावर खटका नुसता बसल्यासारखा वाटतो. स्कीमध्ये पाय घालण्याआधी तळ खरवडून काढायचा. पाहुण्याला ही एक गोष्ट शिकवलीत तर त्याचा दिवस वाचतो.

लिफ्टवरचं काम वरून सोपं दिसतं. सकाळी खुर्च्यांवरचा बर्फ झटकणं, जिथे माणसं उभी राहतात तो चौथरा फावड्याने सपाट ठेवणं, आणि मग दिवसभर खुर्ची हाताने धरून पाहुण्याच्या पोटऱ्यांवर आपटू न देणं. जुन्या पद्धतीच्या खुर्च्या सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटरने येतात आणि स्टेशनात हळू होत नाहीत. चौथरा दुपारी माणसांच्या स्कीने खरवडून खाली जातो; तेव्हा खुर्ची उंच पडते आणि लहान मुलं अर्धवट बसतात. म्हणून फावडं हातातून सुटता कामा नये. पाठीवरच्या सॅकचा लोंबता पट्टा खुर्चीत अडकला तर वर उतरताना माणूस ओढला जातो, बसण्याआधीच सॅक पुढे घ्यायला लावायची. आणि लाल बटण दाबायला कचरू नका. रांगेतले दोनशे जण ओरडतील, ओरडू देत. थांबलेली लिफ्ट दोन मिनिटांत परत चालू होते.

थंडीबद्दल. थ्रेडबो गाव १,३६५ मीटरवर आणि पेरिशर १,७२० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे समुद्रकाठच्या माणसाला विरळ हवेचा त्रास होत नाही. दिवसा पारा शून्याच्या आजूबाजूला, रात्री उणे पाच-सहा. तिथला बर्फ ओलसर, मधूनच पाऊस. आपल्याला मारते ती ओल. सुती गंजी आणि सुती मोजे घरी ठेवून जा. सूत घाम धरून ठेवतं आणि अंगावर गार पडतं. आत लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी आत न येणारं जॅकेट. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक ओला झाला की दुसरा. खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, तिथे ते कायम गोळाच असणार. ओठ आणि टाचांना व्हॅसलीन न्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा. ताज्या बर्फावरून ऊन उलटं वर येतं. वाळूवर उभं राहणाऱ्यालाही याचा अंदाज नसतो.

पैशाचं बोलू. १ जुलै २०२५ ला तिथलं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं, आणि हा आकडा दरवर्षी १ जुलैला बदलतो. या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरवर सरसकट १५ टक्के कर. त्या दराने आठवड्याला ३० तास मिळाले तर हातात साधारण ६३६ डॉलर येतात, त्यातून राहण्याचे पैसे कापले जातात. मालक निवृत्तिनिधीत १२ टक्के वेगळे भरतो. देश सोडल्यावर ते मागता येतात, पण त्यातले ६५ टक्के करात जातात, तेव्हा त्या पैशावर बेत आखू नका. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात टॅक्स फाइल नंबरचा अर्ज करा.

खरा फटका जूनमध्ये बसतो. बर्फ उशिरा पडला की लिफ्टा बंद, आणि तासांवर काम करणाऱ्याला तास मिळत नाहीत. वादळाचा बावटा लागल्यावर आपल्या बोटी उभ्या राहतात, तसंच. पण इथे घरी जेवण असतं, तिथे भाडं चालूच असतं. पाच-सहा आठवडे निघतील एवढे पैसे जवळ हवेत. ऑफर आली की तीन गोष्टी ईमेलवर लेखी विचारा: आठवड्याला किमान किती तास, खोलीचे किती कापणार, आणि सीझन पास फुकट आहे का. विम्यात स्कीइंग धरलंय का तेही बघा. कामावर लागलं तर मालकाचा विमा असतो, पण सुट्टीच्या दिवशी उतारावर पडलात तर तुमचा तुम्हीच. साध्या प्रवास विम्यातून बर्फावरचे खेळ पुष्कळदा वगळलेले असतात.

सोडतीत नाव निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. नाताळची गर्दी ओसरल्यावर फेब्रुवारीतले पंधरा दिवस मालकाकडून मागून घ्या आणि चौदा दिवसांचा बेसिक स्की कोर्स करा. मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगला घेते, औलीत गढवाल मंडल विकास निगम घेतं, गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस दमाने घ्या आणि गोंडोलाने थेट ३,९५० मीटरवर अफरवटला जायची घाई करू नका. वरचे उतार नवख्यांचे नाहीत, तिथे हिमस्खलनात माणसं गेली आहेत. कोर्सात स्की शिकाल त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात तासभर उभं राहून बाइंडिंग लावताना बघा. अर्जात लिहायला तेच उपयोगी पडेल.

शेवटचं, चतुर्थीचं. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, २०२७ ला ४ सप्टेंबरला. दोन्ही वेळा तिथला सीझन चालू असतो आणि करार पूर्ण केल्यावर मिळणारा बोनस मध्येच निघून आलात तर हुकतो. गणपतीला घरी यायचंच असेल तर करारावर सही करतानाच शेवटची तारीख ऑगस्टअखेरची मागा. काही ठिकाणी देतात. नाही दिली तर त्या वर्षी घरात आधी बोलून ठेवा, मग तिकीट काढा.