थंड हवेच्या डोंगराळ शहरात कमी खर्चात राहायचे असल्यास हॉटेल निवडताना काय पाहावे?

दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे भाड्याची घासाघीस करण्याआधी गरम पाणी किती वेळ मिळते आणि हीटरचे पैसे वेगळे द्यावे लागतात का, हे फोन करूनच विचारावे. नकाशावर बसस्थानकापासून चारशे मीटरवर दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात दीडशे पायऱ्या चढून गाठावे लागू शकते आणि मग भाड्यात वाचलेले पैसे हमालाला किंवा टॅक्सीला जातात. शक्यतो पूर्वेकडे खिडकी असलेली खोली मागावी. उन्हाचे तोंड न पाहिलेल्या खोलीत भिंतींना ओल धरते आणि रात्री अंगावर घेतलेली रजईही दमट लागते. गर्दीचा हंगाम टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास भाव कमी करून घेण्यास बराच वाव मिळतो.