२०२२ मध्ये रग्बीत एकच ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, ५ गुण) करूनही इटलीने कार्डिफमध्ये वेल्सला कसं हरवलं?

पेनल्टी किकच्या (समोरच्या संघाने नियम मोडल्यावर मिळणारी किक, खांबांमधून गेली तर ३ गुण) जोरावर. वेल्सचे तीन ट्राय, तिन्ही कन्व्हर्ट (ट्रायनंतरची किक खांबांमधून, आणखी २ गुण), म्हणजे २१ गुण. इटलीच्या पाच पेनल्टींचे १५. शेवटच्या दोनेक मिनिटांत इटलीचा कापुओत्सो स्वतःच्या अर्ध्यातून बचाव चिरत सुटला, समोरचा अंगावर येताच त्याने आतल्या बाजूला सहकारी पादोवानीला पास दिला आणि ट्राय थेट खांबांमध्ये झाला. खरी मेख इथेच आहे: ट्राय जिथे टेकवला त्याच रेषेत मागे येऊन कन्व्हर्जन मारावं लागतं. कोपऱ्यात झाला असता तर कोन फार कठीण. इटलीच्या गार्बिसीला समोरून सोपी किक मिळाली. २२-२१! सिक्स नेशन्स या सहा युरोपीय संघांच्या स्पर्धेतली इटलीची सलग ३६ पराभवांची मालिका तुटली. मात्र स्पर्धेतला हा इटलीचा पहिला परदेशी विजय नव्हे, २००७ आणि २०१५ मध्ये त्यांनी एडिनबरात स्कॉटलंडला हरवलं होतं. वेल्समध्ये मात्र पहिलाच.