खुणा बंद करू नका, आधी कान तपासून घ्या

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. मुलगा दीड वर्षाचा, 'आणखी', 'संपलं', 'पाणी', 'पंखा' अशा बऱ्याच खुणा हाताने करतो, हवं ते बोटाने दाखवतो, पण तोंडातून 'आई'पलीकडे शब्द नाही. सासूबाई म्हणतात हातवारे शिकवून पोराला मुकं करून ठेवलंत, आणि आता थेरपीवाल्यांनीही खुणा बंद करायला सांगितलंय. आमच्या धाकटीचं अगदी हेच झालं होतं. आता ती शाळेत जाते आणि बाईंच्या तक्रारी येतात त्या ती वर्गात गप्प बसत नाही म्हणून.

मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही, बँकेत नोकरी करते. हा आमच्या एका मुलीचा अनुभव आणि त्यापायी झालेलं वाचन, एवढंच समजा. खुणा कशा आणि कधी शिकवायच्या यात जात नाही, तुमचं ते होऊन गेलंय.

तुमच्या पोस्टमध्ये थेरपी आहे, सासूबाई आहेत, पाळणाघर आहे, पण कानांचा उल्लेख एकदाच: 'जन्मतःच टेस्ट झाली होती, पास आहे.' हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या फाइलमध्येही हेच होतं.

आम्ही एका नावाजलेल्या बालविकास केंद्रात गेलो होतो. नाव विचारू नका, इथे लिहिणार नाही आणि व्यक्तिगत निरोपातही सांगणार नाही. तिथल्या बाईंनी फाइल चाळली, जन्माच्या वेळच्या ओएईपुढे (नवजात बाळाच्या कानांची प्राथमिक तपासणी) 'पास' वाचलं, पुढचं पान उलटलं. कानांचा विषय तिथेच संपला. मग आम्ही खुणा शिकवल्यात म्हटल्यावर त्यांना कारण सापडलं. हाताने काम भागतंय तर मूल तोंड कशाला उघडेल? खुणा आजपासून बंद. घरात मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, तर तेही बंद, एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी ठेवलीत तर शाळेला सोपं. सेशन्सचं पॅकेज, पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. पालकांनी काचेबाहेर बसायचं.

काचेबाहेरून मी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. ठोकळ्यांना कंटाळून मुलीने दोन्ही पंजे वर करून फिरवले. 'संपलं' ही तिची सगळ्यात पक्की खूण. त्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरून तिच्याच मांडीवर दाबून ठेवले आणि म्हणाल्या, 'हात नाही. तोंडाने सांग.' तिने पुन्हा हात सोडवायचा प्रयत्न केला, पुन्हा दाबले. घरीही असंच करायचं, अशी ताकीद होती. शब्द काही आले नाहीत, होत्या त्या खुणा मात्र गेल्या. त्यांच्या जागी चावणं आणि जमिनीवर डोकं आपटणं आलं. त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, 'म्हणजे उपचार लागू पडतोय.' पैशांचं दुःख आहेच, पण जास्त राग त्या वाया गेलेल्या महिन्यांचा येतो.

कानाचं निघालं ते योगायोगाने. सर्दी हटत नव्हती म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात डोकावून लगेच टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाच्या पडद्याची तपासणी, करून घेतली. कानात रबराचं छोटं बोंड लावतात, हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडद्याची हालचाल कागदावर उमटते. रेषेला मधे टोक यायला हवं. आमच्या दोन्ही कानांची रेषा सपाट. पडद्यामागे पाणी साचलेलं. कान दुखत नव्हता, वाहत नव्हता, ताप नव्हता. तिला ऐकू येत होतं, पण शेजारच्या खोलीतल्या टीव्हीसारखं: कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही.

जन्माच्या वेळची ओएई त्या दिवशीचा कान सांगते, पुढच्या वर्षीचा नाही. पडद्यामागचं पाणी नंतरच्या सर्द्यांनी येतं, पाळणाघरात जाणाऱ्या मुलांत तर फारच. आणि घरच्या परीक्षेवर अजिबात जाऊ नका. आमच्याकडे आजीने पाठीमागे उभं राहून ताटावर चमचा आपटला, पोरीने गर्रकन मान वळवली, झालं, कान ठणठणीत. अहो, चमच्याचा खणखणाट तिला ऐकू येणारच होता. बुडत होते ते 'स', 'फ', 'त' असले हलके आवाज, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यावरून. 'सांगितलेलं सगळं कळतं' यावरही विसंबू नका. आपण 'बूट आण' म्हणताना बुटांकडे बघतो, दाराशी उभे असतो, हातात किल्ली असते. मूल तेवढ्यावरून ओळखतं. खुणा करणारं मूल तर जास्तच, कारण त्याला आपल्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे बघायची सवय असते.

डॉक्टरांनी औषधांचा मारा केला नाही. बहुतेकदा हे पाणी आपोआप निचरतं म्हणून तीन महिने वाट बघायची, पुन्हा टेस्ट, तरीही राहिलं आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार. आमचं उन्हाळ्यात निचरलं, तुमचं तसंच होईल असं नाही. कदाचित तुमच्या मुलाचे कान स्वच्छ असतील आणि तो नुसताच उशिरा बोलणारा असेल. पण ते टेस्टने ठरू द्या.

त्यांनाच भीतभीत विचारलं, खुणांचं काय? ते म्हणाले, आत्ता तिच्याकडे तेवढीच वाट उघडी आहे, ती तुम्ही का बंद केलीत? त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा सुरू केल्या. पुढे शब्द आले तशा खुणा आपसूक गळाल्या. 'पाणी' तोंडाने म्हणता यायला लागल्यावर हात कोण उचलतो? 'संपलं' मात्र बरेच दिवस दोन्हीकडून चालू होतं.

आता खुणांमुळे बोलणं लांबतं का, याबद्दल. तसा पुरावा मला कुठे दिसला नाही. उलट बाजूचे मोठे दावे, बाळ लवकर बोलतं, बुद्ध्यांक वाढतो वगैरे, तेही मी फार मनावर घेत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे लिंडा अॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन यांनी 1980च्या दशकापासून यावर काम केलं, त्यांना भाषेत थोडा फायदा दिसला. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठाने 2013 मध्ये 40 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांपासून वीस महिन्यांपर्यंत पाहिलं, भाषेत फायदा दिसला नाही, तोटाही नाही. फरक पडला तो आयांमध्ये: खुणा शिकवणाऱ्या आया बाळाचे न बोललेले इशारे जास्त टिपत होत्या. मला हे पटतं. आपण बघायला शिकतो, आणि घरातली रडारड कमी होते. त्यासाठी महागडे क्लास आणि चित्रांची कार्डं लागत नाहीत. टाटा करणं, बाप्पाला हात जोडणं, चिमणी भुर्र करणं हे आपल्या घरांत कुणी क्लास लावून शिकवत नाही. त्या चिमणीमुळे कुणाचं पोर मुकं राहिलं नाही, हे सासूबाईंना सांगून बघा. (आमच्याकडे हाच मुद्दा चालला. अभ्यासाची छापील पानं दाखवली होती ती चष्म्याखाली तशीच पडून राहिली.)

थोडं विषयांतर करते. हात दाबून ठेवायची ही तऱ्हा जुनी आहे, हे मला नंतर कळलं. 1880 मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणाची परिषद भरली, शाळांतून खुणा काढून फक्त तोंडी शिकवायचं ठरलं, आणि त्यापायी बहिऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांना हात बांधून शिकावं लागलं. 2010 मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. आमच्या मुलीचं तर काही महिन्यांत निभावलं.

त्यावरून एक सुचवते, पटलं तर घ्या. बाळांना खुणा शिकवायच्या व्हिडिओंत बहुतेक अमेरिकन खुणा असतात. शिकवतोच आहोत तर आपल्याकडच्या शिकवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश यूट्यूबवर फुकट आहे. तो तुम्ही बघायचा, मुलाला दाखवायचा नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. खूण करताना शब्द दर वेळी मोठ्याने म्हणायचा, मुलाचा चेहरा आपल्याकडे असताना. आणि 'खूण केलीस तरच बिस्कीट' असला सौदा कधीच नाही. पाळणाघरातल्या काकूंना फ्रिजवर चिकटवायला एक कागद काढून द्या, त्या मनापासून वापरतात.

बोलण्याची थेरपी लागली तर जरूर घ्या, माझा तिला विरोध नाही. नंतर आम्हाला भेटलेल्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी मुलीच्या खुणा शब्दांच्या यादीत धरल्या. ज्या ठिकाणी ऑडिओलॉजीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट मागितल्याशिवाय पॅकेज पुढे करतात तिथे पैसे भरू नका, हे माझं ठाम मत, कुणाला राग आला तरी. आणि मुलाला येत असलेले शब्द किंवा खुणा आपण बंद न करताच नाहीशा होऊ लागल्या, किंवा नावाने हाक मारली तरी तो बघेनासा झाला, तर कुणाच्या उत्तराची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा.

खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे मुलांची तपासणी मोफत असते. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. टिम्पॅनोमेट्री काही सेकंदांची, पण मूल रडलं की फुकट जाते, तेव्हा पोट भरलेलं असताना न्या. बेरा (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी टेस्ट) लिहून दिली तर उलट करा, झोपेत करायची असते, म्हणून सकाळपासून झोपू देऊ नका आणि रिक्षात डुलकी लागू देऊ नका. रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, आमचा जुना कागद शोधून ठेवते, दोन्ही रेषा शेजारी ठेवून बघू.