गावच्या लोकांच्या वर्गणीतून शाळा किंवा वसतिगृह खरंच उभं राहू शकतं का?

राहू शकतं, आमच्या सातारा भागात राहिलंय. तुम्ही लिहिलंय की गावात कुणाकडं रोख पैसा नाही मग संस्था चालणार कशी, तर रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हाही नव्हताच. मी स्वतः रयतच्या हायस्कुलात दहावीपर्यंत शिकलो आणि आजोबा त्यांच्या बोर्डिंगात होते, त्यामुळे उत्तर थोडं घरच्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी (पोरं त्यांना अण्णा म्हणायची) १९१९ मध्ये कराडजवळ काले गावात संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहणार आणि एका पंगतीला जेवणार. तेव्हा पाणवठे वेगळे होते हो, विचार करा. १९२७ ला गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्याच हातनं त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं.

आता तुमचा खरा प्रश्न, पैशाचा. अण्णांनी लोकांकडं पैसे मागितलेच नाहीत असं नाही, पण गरीब घरात काय मागायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. मूठफंड. म्हणजे बाईनं रोज जात्यावर दळायला बसताना एक मूठ ज्वारी-बाजरी बोर्डिंगातल्या पोरांसाठी बाजूला काढायची, ती साठली की गोळा करून न्यायची. एक मूठ कमी झाल्यानं कुणाच्या घरातली भाकरी कमी होत नाही, पण गावची गावं देतात तेव्हा पोती भरतात. आणि मला वाटतं धान्यापेक्षा मोठी गोष्ट ही की जिला स्वतःला अक्षर येत नव्हतं ती बाईसुद्धा त्या शाळेची देणगीदार झाली.

तरी पुरायचं नाहीच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्येच त्या गेल्या, पुढचा पसारा बघायला मिळाला नाही. भाषणात त्यांचं नाव एका वाक्यात उरकतात याचा मला दरवेळी राग येतो.

दुसरा आधार म्हणजे कमवा आणि शिका. पोरांनी शेतात राबायचं, बांधकामावर दगड-माती वाहायची आणि त्यावर शिकायचं, फुकट घेतोय असं कुणाला वाटायला नको. १९४० चं महाराजा सयाजीराव हायस्कूल याच पद्धतीवर निघालं. आजोबा सांगायचे की सकाळी हातात कुदळ आणि दुपारी भूमिती, आणि भूमितीपेक्षा कुदळ बरी वाटायची!

१९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हाचा एक किस्सा आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे, कुणीतरी मोठी देणगी देऊ केली पण कॉलेजला दुसरं नाव द्या म्हणाला, तर अण्णा म्हणे एकवेळ माझ्या बापाचं नाव बदलीन पण कॉलेजचं नाही. देणगीदार हवेत पण त्यांच्या अटी नकोत, तुम्हाला हे पुढं लागेल.

आज संस्थेच्या सातशेच्या वर शाखा आहेत, आता शिक्षकांचे पगार बहुतेक ठिकाणी सरकारी अनुदानातनं होतात त्यामुळं मूठफंडाची गोष्ट फक्त २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीच्या भाषणात ऐकू येते.

तुमच्या गावात अभ्यासिका काढायचीय म्हणताय तर पहिल्याच मीटिंगला वर्गणीचा आकडा टाकू नका, माणसं पुढच्या मीटिंगला येत नाहीत (अनुभव आहे). ज्याच्याकडं जे आहे ते मागा, कुणाची रिकामी खोली, कुणाचे दोन तास, कुणाकडनं महिन्याला पायलीभर तांदूळ. आणि बायकांना सुरुवातीपासून बैठकीत घ्या, सतरंज्या घालायला नाही, हिशोब ठेवायला.