सायटेशन कुठून आली, ते वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्राध्यापकपदाच्या अर्जात एच-इंडेक्सचा, म्हणजे आपल्या पेपरांचा दुसऱ्यांनी किती वेळा हवाला दिला (सायटेशन) यावरून काढलेल्या आकड्याचा, रकाना भरताना तुझा हात थबकला आणि जैवतंत्रज्ञानातल्या मैत्रिणीचा आकडा तुझ्या तिप्पट निघाला, हे वाचून वाईट वाटलं. पण त्यावरून आपलं काम कमी मोलाचं आहे असा जो निष्कर्ष तू काढलास तो मला मान्य नाही. दोन वेगळ्या समष्टींतले, म्हणजे गटांतले, आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवायचे नाहीत, हे तू पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतेस. स्वतःच्या बाबतीतही तेच लागू कर.

जीवशास्त्रात माणसं जास्त, पेपर जास्त आणि प्रत्येक पेपरखालची संदर्भांची यादीही लांबलचक. आपल्याकडे, संख्याशास्त्रात, यादी आखूड आणि पेपर स्वीकारला जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. जर्नलचं वजन मोजणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र जर्नलच्या मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांची सायटेशन धरतो. आपल्या पेपरची दखल घ्यायला सुरुवात होते तोवर ती खिडकी बंद झालेली असते. गणिताच्या आणि संख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2008 मध्ये याच विषयावर एक अहवाल काढला होता. तो मिळवून वाच, आणि निवड समितीवर कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही दे.

आता एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांचं बघ, कारण आपल्या कामाचा प्रभाव कसा पसरतो हे त्यात स्वच्छ दिसतं. मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या आयुर्मानाचा प्रश्न घेऊन बसले होते. कॅप्लन बेल लॅब्जमध्ये, समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात याच्या मागे होते. दोघांची अडचण एकच. अभ्यास संपतो तेव्हा काही रुग्ण जिवंत असतात, काही नळ्या चालू असतात, म्हणजे त्यांचं पुरतं आयुष्य आपल्याला ठाऊकच नसतं. दोघांनी स्वतंत्र लेख पाठवले, जर्नलने एकत्र लिहा म्हणून सुचवलं, आणि मतं जुळवण्यात चार वर्षांचा पत्रव्यवहार झाला. अशा अपुऱ्या नोंदींवरूनही किती जण किती काळ टिकतात याचा पायऱ्यापायऱ्यांचा आलेख कसा काढायचा, हे सांगणारा त्यांचा पेपर 1958 ला आला. 2014 मध्ये ‘नेचर’ने आजवरच्या सर्वाधिक सायटेशनच्या शंभर पेपरांची यादी केली, त्यात तो अकरावा होता. वय, उपचार अशा घटकांचा आयुर्मानावर किती परिणाम होतो हे मोजण्याची पद्धत देणारा डेव्हिड कॉक्स यांचा 1972 चा पेपर चोविसावा. या दोन्ही पेपरांचा हवाला देणाऱ्यांत डॉक्टरांचा भरणा आहे. त्यातल्या किती जणांनी मूळ सिद्धता वाचली असेल? फार थोड्यांनी. तरी रुग्णाला कोणतं औषध द्यायचं हे त्या पायऱ्यापायऱ्यांच्या आलेखावरून ठरतं.

आणि एच-इंडेक्सचं गणित कर. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये मांडलेल्या व्याख्येप्रमाणे, दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील तर एच-इंडेक्स दहा. म्हणजे हजारो सायटेशनचा एक पेपर त्या आकड्यात जास्तीत जास्त एकाची भर घालतो. जिथे एखादीच पद्धत अर्ध्या विज्ञानाला पुरते, अशा विषयासाठी हे माप केलेलंच नाही.

आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचं तर आणखी पुढचं. 1945 चा त्यांचा पेपर कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला, तेव्हा ते पंचविशीत होते. रडार आणि सिग्नल प्रोसेसिंगवाले त्यातला ‘क्रामेर-राव बाउंड’, म्हणजे अंदाजातली चूक कमीत कमी किती राहणार याची मर्यादा, आज रोज वापरतात, पण खाली 1945 चा संदर्भ देण्याची गरज अनेकांना वाटत नाही. नावच रूढ झालं की सायटेशन आटतात. मोजणी करणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घे. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि एम.एस्सी.चे प्रबंध चाळ. ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात तुला ‘पानसे आणि सुखात्मे’ पुन्हा पुन्हा भेटतील. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं ते पुस्तक 1954 चं. पण कोणी साल 1967 लिहितो, कोणी 1985, ज्याच्या हाती जी आवृत्ती आली तिचं. त्यामुळे एकाच पुस्तकाची सायटेशन विखुरतात, आणि हे प्रबंध मोठ्या डेटाबेसमध्ये बहुतेक नसतातच. ज्वारीच्या, कापसाच्या किती चाचण्यांचं विश्लेषण त्या पुस्तकावर उभं आहे, हे कुठल्याही प्रोफाइलवर सापडणार नाही.

म्हणून आधी एक काम कर. तुझ्या पेपरांचा हवाला ज्यांनी दिलाय त्यांची यादी काढ आणि प्रत्येकाचं ते एक वाक्य वाच. प्रस्तावनेत इतर पाच नावांबरोबर नुसता उल्लेख असेल तर तो बाजूला ठेव. पद्धतीच्या भागात तुझं सूत्र खरंच चालवलं असेल, तर तो माणूस कुठल्या विषयातला आहे ते लिहून ठेव. तुझ्या त्या मत्स्यशास्त्रातल्या तीन सायटेशन मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाच्या वाटतात. त्या लोकांना पत्र टाक, विदा (डेटा) कसा गोळा केला ते विचार, जमलं तर बोटीवर जा.

दुसरं, पद्धतीबरोबर चालणारा कोड दे. एकदम अनेक चाचण्या करताना खोट्या शोधांचं प्रमाण आवरणारी बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची पद्धत 1995 ला आली, पुढे हजारो जनुकं एकदम मोजणाऱ्या चिप आल्या आणि तिची गरज सगळ्यांना भासली. आज ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ती एका ओळीत चालते. तुझी पद्धत वापरायला कोणाला तुझी सिद्धता आधी समजून घ्यावी लागत असेल, तर ती दुसऱ्या विषयात पोचणार नाही.

डॉक्टरांबरोबर काम करताना मात्र लेखकांत नाव असण्याचं सुरुवातीलाच बोलून घे. केवळ ‘पी-व्हॅल्यू’, म्हणजे चाचणीचा शेवटचा आकडा, ‘काढून द्या’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हण.

अर्जात आकडा आहे तोच लिही. त्याखाली चार ओळींची टीप जोड: कोणती पद्धत, कोणत्या विषयात, कोणी, कशासाठी वापरली. मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून ठेवतो.

तुझा,
सर